सणासुदीचा ऑक्सिजन

डॉ. काशिनाथ घरतांनी पहिल्याच भेटीत मला माझं वजन विचारलं. पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधत मी त्यांच्या खोलीत गेले होते. अंगावर नवी साडी, हातात प्रमाणपत्रांची फाईल, आणि समोरचा अनोळखी गृहस्थ चष्म्यावरून बघत विचारतो, "किती किलो भरशील?" मी इतकी गांगरले की खरं वजन सांगून मोकळी झाले.

"बावन्न. म्हणजे तेहेतीस-चौतीस किलो ऑक्सिजन आणि नऊ-साडेनऊ किलो कार्बन," ते म्हणाले. "दोन्ही ताऱ्यांच्या पोटात शिजलेत. पण कार्बनचा ऑक्सिजन किती वेगाने होतो, ते जगात अजून कुणाला धड ठाऊक नाही. ते मोजायचंय. येतेस?"

मी गेले. घरी आईला वजनाचा भाग सांगितला नाही.

ही ऐंशीच्या आगेमागेची गोष्ट. आम्ही दोघंही वाशीत राहायचो आणि पूल ओलांडून खाडीपलीकडच्या प्रयोगशाळेत जायचो. वाशी तेव्हा नुसती नव्या इमारतींची आणि डासांची होती. आमच्या सोसायटीत घरत सगळ्यांना वजन विचारत. सेक्रेटरींच्या जाडजूड पत्नीला विचारल्यावर तर दोन महिने अबोला झाला होता. एका लग्नात नवरीने कौतुकाने बांगड्या पुढे करून विचारलं, "काका, आणि हे सोनं कुठे तयार झालं?" घरत म्हणाले, "सोन्याचं अजून नक्की कळलेलं नाही. मी सोन्याबद्दल बोलत नाही." आणि खरंच पुढे एक अक्षर बोलले नाहीत.

ते मूळचे जासईचे. वडील मिठागरात होते, त्यामुळे तारा समजावतानाही ते मिठागरातूनच समजावत. "तीन हेलियम एकत्र आले की कार्बन होतो, हा पहिला कप्पा भरला. त्या कार्बनला आणखी एक हेलियम मिळाला की ऑक्सिजन होतो. म्हणजे पाणी दुसऱ्या कप्प्यात गेलं. मधलं दार जास्त उघडं राहिलं तर पहिल्यात काही उरणार नाही. कार्बन नाही म्हणजे तू नाहीस, मी नाही. आपण काय करतोय? दार किती उघडं आहे ते मोजतोय." माझ्या थीसिसचा विषय मला याहून सोपा करून कुणी सांगितला नाही.

मोजायचं म्हणजे मशीनमधून हेलियमचा झोत सोडायचा, समोर कार्बनचा पातळ थर दिलेली पट्टी लावायची, आणि ऑक्सिजन तयार होताना निघणारे गॅमा किरण टिपायचे. ते इतके क्वचित निघत की दिवसच्या दिवस बसून राहावं लागे. मशीनवर हक्क सांगणारे शास्त्रज्ञ अनेक, आणि घरतांची वट काहीच नाही. त्यांनी त्यावर तोड काढली होती. गणपती, दिवाळी, होळी, जेव्हा सगळे आपापल्या घरी जात, तेव्हा मशीन घरत मागून घेत. आमचं सगळं चांगलं काम सणांच्या सुट्टीत झालेलं आहे. दिवाळीत माझी आई फराळाचा डबा पाठवायची आणि आम्ही पडद्यावर डोळे लावून चकल्या खायचो.

त्यांच्या आईला हे अजिबात मान्य नव्हतं. एकदा सरांबरोबर जासईला गेले, तर म्हातारीने त्यांना सोडून मलाच धरलं. "गनपतीला घरा नाय, होलीला घरा नाय. तुमचे मशीनला आई-बाप हाय का नाय गो?" सर खाली मान घालून भाकरी खात होते. गेल्या गणपतीत वडील अंथरुणाला खिळलेले असताना ते मशीनवर होते, आणि त्यानंतर वडील फार दिवस राहिले नाहीत. हे मला त्या दिवशी कळलं.

चार वर्षांनी आकडा हाती आला. परदेशातल्या लोकांना मिळाला होता त्यापेक्षा तो बराच मोठा होता. म्हणजे मधलं दार समजत होते त्याहून जास्त उघडं! विभागप्रमुख हरखून गेले. घरतांनी परदेशी परिषदेत तो मांडायचा असं ठरलं, आणि त्याआधी प्रयोगशाळेत त्यांचं जाहीर व्याख्यान. माझा थीसिस टाईप होऊन बाइंडिंगला जायचा होता. त्यातलं प्रत्येक प्रकरण त्या एका आकड्यावर उभं होतं. मी पहिल्या रांगेत बसले होते.

घरत आले, खडू घेतला आणि फळ्यावर दोन रकाने पाडले. एकावर लिहिलं 'सुट्टीचे दिवस', दुसऱ्यावर 'कामाचे दिवस'. पहिला रकाना भरून वाहत होता. दुसऱ्यात दोनच नोंदी होत्या. कुणीतरी आपली पाळी सोडली म्हणून आम्हाला अचानक मिळालेले ते दिवस. त्या दोन्ही नोंदींत आकडा लहान आला होता आणि आम्ही त्या खराब म्हणून बाजूला टाकल्या होत्या.

"मशीनमधली हवा उपसणारा पंप आणि पट्टी यांच्या मधे लिक्विड नायट्रोजनने गार ठेवलेला एक सापळा असतो," ते शांतपणे सांगत होते. "पंपाच्या तेलाची वाफ तिथे गोठून अडकते. आपला नायट्रोजनचा प्लांट सणाला बंद असतो. आम्ही साठवलेला नायट्रोजन पुरवून पुरवून वापरायचो. सापळा पुरेसा गार राहत नव्हता. वाफ निसटायची, झोताखाली जळायची आणि पट्टीवर तिचा कार्बन चढायचा. आम्ही मोजून लावलेल्या कार्बनवर न मोजलेला कार्बन, म्हणून किरणही जास्त. हा आकडा ताऱ्यातला नाही. हा पंपाच्या तेलातला आहे. मी तो मागे घेतो."

मला वाटलं, हा माणूस थट्टा करतोय, आत्ता हसेल. विभागप्रमुख उठून उभे राहिले, "घरत, हे तुम्ही आज, इथे सांगताय?"

"मला परवा कळलं, साहेब. तपासायला दोन दिवस गेले."

मी त्यांना जिन्यात गाठलं. आवाज चढला होता, चढू दे म्हटलं. "माझा थीसिस टाईप झालाय, सर! परवा कळलं तर मला काल का नाही सांगितलंत?"

"तू रडली असतीस," ते म्हणाले, "आणि मग मी गप्प बसलो असतो. तेवढा मी घट्ट नाही गं."

मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना हक्क होता, मान्य आहे; पण माझी चार वर्षं एका खडूच्या फटकाऱ्यात गेली, आणि ती जाताना मी पहिल्या रांगेत बसून बघितली. कॅन्टीनमध्ये लोक 'सणासुदीचा ऑक्सिजन' म्हणून आम्हाला चिडवू लागले. घरत त्यांच्याबरोबर हसायचे. मला ते हसणंही सहन होत नव्हतं. एकदा मी विचारलं, "तुम्हाला काहीच वाटत नाही?" ते हसायचं थांबले. "बाबांचा शेवटचा गणपती मी या आकड्याला दिला. आता निदान खरा आकडा तरी बघू दे मला."

त्यानंतर मी पुन्हा कामाला लागले. ते रोज विभागप्रमुखांच्या दाराशी उभे राहून मशीन मागायचे. अखेर आम्हाला कामाचे दिवस मिळाले. त्यातच घरतांच्या हृदयाने दगा दिला. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली आणि ते जासईला आईकडे जाऊन राहिले. मी काठोकाठ भरलेल्या सापळ्यानिशी एकटीने मोजत राहिले. एका मंगळवारी आकडा पक्का झाला. लहान होता. आमच्या पहिल्या आकड्यापेक्षा पुष्कळच लहान, आणि कितीही उलटसुलट तपासला तरी जागचा हलत नव्हता. मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर न जाता मी थेट एस.टी. पकडली.

त्यांच्या अंगणात माणसं होती. पाहुणे आले असतील असं वाटून मी हसतच आत शिरले. सरांना पडवीत जमिनीवर निजवलं होतं. पहाटे गेले होते, आणि पनवेलहून बहीण यायची म्हणून त्यांना न्यायचं थांबवलं होतं. मी दारातच खांबाला धरून उभी राहिले. माझा त्यावर विश्वास बसेना. मी आकडा घेऊन आले होते, आणि हे असे कसे गेले?

म्हातारीने मला पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते.

"आकरा आला का गो बाय?"

"आला," मी कशीबशी म्हणाले.

"चार दिस त्योच इचारीत होता. मंग बोल ना त्याला. कानान सांग."

पडवीतली माणसं बाजूला झाली. मी गुडघ्यांवर बसले, वाकले आणि त्यांच्या कानात आकडा सांगितला. मग तो किती इकडे-तिकडे चुकू शकतो, तेही सांगितलं. कारण चुकीची मर्यादा जोडल्याशिवाय सांगितलेला आकडा घरत कधी ऐकून घेत नसत.