फाटकाबाहेरचा भाऊ

२०२३ साल. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, सिंगापुरात बिशानला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. नातीला शाळेत वर्गापुढे उभं राहून बोलायचं होतं. विषय काय, तर अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य असताना तिथे अनाथाश्रम चालवणारा एक इंग्रज पाद्री. आदल्या संध्याकाळी तिने आम्हाला सगळं वाचून दाखवलं. पाद्र्याने पोरांना छप्पर दिलं, जेवू घातलं, कामं शिकवली. मध्येच एक ओळ आली. काही पोरांना कमावते थोरले भाऊ होते, तरी पाद्र्याने त्यांना आश्रमात आणलं. ती ओळ तिने भरभर वाचली आणि पुढे गेली.

मी म्हटलं, थांब. त्या भावांचं काय झालं?

तिला ठाऊक नव्हतं. "आजोबा, ही वॉज अ गुड मॅन, लाह," ती इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली.

असेल. लहानपणी गावाकडे आमच्या आश्रमाचा पाद्रीही वाईट नव्हता. इंग्रज हिंदुस्थान सोडून गेले, आमचा पाद्री राहिला. आईबाप पटकीने गेले आणि मला आश्रमात नेलं, तेव्हा मी सात वर्षांचा. दादा चुन्याच्या भट्टीवर राबून मला पोसत होता, पण त्याला कोणी हिशेबात धरलंच नाही. दर रविवारी प्रार्थना सुटली की दादा फाटकाबाहेर यायचा, फडक्यात भाकरी बांधून. बाहेरचं खाणं आत चालत नसे. मग तो माझ्यासमोर बसून एकटाच खायचा आणि मी आतून बघायचो. अर्धी भाकरी मात्र तो तशीच बांधून परत न्यायचा. चौथीत असताना मी कुंपणावरून उडी मारून त्याच्याकडे गेलो. शिक्षण तिथेच संपलं. शाळा सुटल्याची लाज मी कधी बाळगली नाही.

हे घरात मी पहिल्यांदाच सांगितलं. मुलगा मग म्हणाला, "आबा, तिचं सगळं लिहून तयार आहे. उगाच मार्क जातील."

"जाऊ देत," मी म्हटलं. आणि नातीला सांगितलं, "पाद्र्याला चांगला म्हण, माझी ना नाही. पण त्यांना भाऊ होते, हे सावकाश वाच."

ती कागद घेऊन खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर शाळेपर्यंत चालत गेलो. रखवालदाराने खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही. ती बाहेर येईपर्यंत फाटकाबाहेर उभा राहिलो.