शेपूट हवेत पाहिजे

टेकू काढला आणि मान वीतभर खाली आली. गवंडी बाजूला पळाले. मी हललो नाही. तोवर माझा एकही पुतळा वाकला नव्हता.

ही सत्त्याण्णवची गोष्ट. कोल्हापुरात एका शाळेच्या बागेत डायनासोर करायचा होता. झाडपाला खाणारा, लांब मानेचा. मी तिसरी शिकलेला. चित्र बघितलं आणि पाइपचा सांगाडा वेल्डिंग केला. त्यावर जाळी, जाळीवर सिमेंट, एवढंच आमचं तंत्र. सिमेंट अजून लावायचं होतं. शेपूट जमिनीवर टेकवलं होतं. आमच्या घरात बेंदराच्या सणाला मातीचे बैल करतात. सुटं शेपूट मोडतं, म्हणून पायाला चिकटवतात. हाताला तीच सवय.

विज्ञानाच्या कुलकर्णीबाई पहिल्यापासून म्हणत होत्या, शेपूट हवेत पाहिजे. मी ऐकलं नव्हतं. मान वाकल्यावर त्या परत आल्या. मी तापलेलोच होतो.

"बाई, तुम्ही बघितलाय व्हय ह्यो प्राणी?"

"नाही. तुम्ही तरी कुठं बघितलाय, मिस्त्री? मी ठशांचे फोटो बघितलेत. दगडात पावलं उमटलीत. शेपूट ओढल्याची रेघ नाही."

चिखलातनं दोर ओढला की रेघ उठते, हे मला कुणी शिकवायला नको. पण एवढं जड शेपूट तो उचलून का चालायचा?

घरी जाताना उसाची बैलगाडी आडवी आली. माल पुढं जास्त झाला की बैलांच्या मानेवर भार येतो. मागं सरकवला की जू हलकं होतं. तिथंच कळलं. शेपूट मानेला तोलत होतं, आणि मी त्याचा भार जमिनीला देऊन बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मीच शेपूट कापलं. पाठीचा पाइप सरळ केला, त्यातनंच नवं शेपूट मागं काढलं, हवेत. टेकू काढला. मान जागची हलली नाही.

"जमलं ते बैलगाडीमुळं," मी बाईंना सांगून टाकलं.

"बरं, बैलगाडीमुळं," त्या हसल्या.

मग सिमेंट चढेपर्यंत त्या रोज येऊन काहीबाही सांगायच्या. आपल्या देशातही त्याची हाडं सापडलीत, लांब एका शहरात जोडून उभी केलीत. मांडीचं एक हाड माणसाएवढं. सुट्टीत बघायला जाऊ, म्हणाल्या. सुट्टीआधीच त्यांची बदली झाली. माझं एकट्याचं जाणं राहिलं ते राहिलंच.

बैल, घोडे, हत्ती मी बघून केले. हा एकच न बघता केला, आणि जीव त्याच्यातच अडकलाय. न बघितलेल्या जनावराबद्दल हट्ट करू नये, एवढं शिकलो.

पण तो पाला न चावताच गिळायचा, असं बाई म्हणायच्या. ते मला अजून पटलेलं नाही. एकदा बघायला पाहिजे होतं.