काचेआडचा आमचा डिनर सेट

कुवैतला आठवडाभर येणारे पाहुणे जेवढं बघून जातात, तेवढं आम्ही अठ्ठावीस वर्षांत पाहिलेलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मोठी सुट्टी आली की आम्ही नाशिक गाठायचो, तिथल्या फ्लॅटवरची धूळ झाडायला. माझा नवरा सुनील इथे पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनिअर, मी दवाखान्यात नर्स. यंदा त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. जूनमध्ये आम्ही कायमचे नाशिकला आणि लेक सई शिकायला कॅनडाला. तीच म्हणाली, "आई, ॲटलीस्ट वन प्लेस बघू या, बिफोर वी लीव्ह."

म्हणून शुक्रवारी सकाळी अबू हलीफाहून, म्हणजे आमच्या राहत्या भागातून, निघालो. रस्ता रिकामा, अर्ध्या तासात शहर. बघायचं होतं समुद्राजवळचं एका व्यापाऱ्याचं जुनं घर, डागडुजी करून संग्रहालय केलेलं. दाराला कुलूप! शुक्रवारी ते दुपारनंतर उघडतं. तुम्ही हा हेलपाटा मारू नका. आम्ही मुबारकियाच्या बाजारात जाऊन भाजलेला मासा आणि तंदूरची गरम रोटी खाल्ली. जेवण उत्तम, स्वस्तही. तेही मी पहिल्यांदाच खाल्लं, आणि मला माझाच राग आला.

जेवून परत आलो तेव्हा दार उघडलं होतं. घर सुंदर राखलंय. मधे उघडं अंगण, भोवती खोल्या, मलबारहून आणलेल्या सागवानाची दारं. तिकीट नाममात्र, गाडी मागच्या मैदानात लावता येते. वरच्या मजल्यावर प्रत्येक खोलीत एकेका काळाचा संसार मांडलाय. शेवटची खोली तशी अलीकडची: टीव्ही, फुलांचा थर्मास आणि काचेच्या कपाटात जेवणाची भांडी.

"अगं, हा तर आपला सेट!" सुनील ओरडलाच.

खरंच आमचा होता. पांढऱ्या काचेवर केशरी फुलं. लग्नानंतर इथे आले त्या वर्षी घेतलेला. नाशिकच्या घरात काढायचा म्हणून खोक्यातून कधी बाहेरच काढला नाही. इथली सगळी आपली माणसं हेच करतात. चांगल्या चादरी, चांगली भांडी पलंगाखाली, आणि जेवायला मेलामाइनच्या ताटल्या.

शेजारी एक वयस्कर कुवैती बाई नातवंडांना काही दाखवत होत्या. हसून हिंदीत म्हणाल्या, "हमारे घर में भी था. सब टूट गया. बच्चे लोग, शादी, मेहमान... आपका?"

"हमारा नया है. डिब्बे में."

"नया?" त्यांना कळेचना. "क्यों?"

मी परत त्या केशरी फुलांकडे पाहिलं. त्यांचं घर वापरून वापरून झिजलं, फुटलं, आणि आता उरलेलं काचेत ठेवलंय. आम्ही मात्र आधीच काचेत ठेवलं. वापरायचं राहूनच गेलं.

गाडीत सई म्हणाली, "माझे सगळे बर्थडे पेपर प्लेट्सवर झाले. आय यूज्ड टू थिंक वी वेअर पुअर."

"अगं, तुझ्यासाठीच तर सगळं," सुनील म्हणाला.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. सलवा गेलं, पुढे अबू हलीफाचा फाटा आला.

तर, हे घर जरूर बघा. तासभर पुरे. आणि आमच्यासारखे इथे वर्षानुवर्षं असाल तर आजच जा, शेवटच्या महिन्यात जाऊ नका. मनाला फार लागतं.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी सईला नाशिकच्या फ्लॅटचे फोटो दाखवले. तिच्या खोलीला गुलाबी रंग आहे, ती पहिलीत असताना तिनेच निवडलेला. त्या खोलीसाठी आम्ही इथे किती वर्षं काय काय टाळलं, ते मी बोलले नाही. एवढंच विचारलं, "शिक्षण झालं की येशील ना घरी?"

तिने फोटो नीट पाहिले, मान तिरकी करून, दुपारी संग्रहालयातल्या खोल्या पाहिल्या तसेच.

"छान आहे," ती म्हणाली. "आय विल व्हिजिट, आई."