सरकारी नावेची चाकं

पुरात अडकलेल्यांना काढायला यवतमाळच्या एका कचेरीत नाव आली होती. तिच्या ट्रॉलीची देखभाल माझ्या नवऱ्याकडे होती. कचेरीतले साहेब रविवारी पाहुण्यांना तिच्यातून तलावावर फिरवत. नाव सोडताना ट्रॉली पाण्यात उतरे, म्हणून सोमवारी नवरा चाकं काढून बेरिंगं रॉकेलनं धुई आणि नवं ग्रीस भरी.

एका रविवारी बाभुळगावकडे पूर आला. माझा भाऊ झाडावर अडकल्याचा निरोप आला. आम्ही तलावावर धावलो.

"साहेब, ट्रॉली तयार हाय, आत्ता नेतो," नवरा म्हणाला.

"पाहुणे नावेत आहेत. येऊ दे त्यांना."

पाहुणे दिवेलागणीला परतले. आम्ही पोचलो, तेव्हा तिथं झाडच नव्हतं.

सोमवारी नवरा पुन्हा चाकं काढून बसला.

"आता कायले करता?" मी विचारलं.

"नोकरी हाय."

कितीतरी दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. साहेबांशी अबोला धरायची तर सोयच नव्हती.