रईसची निळी वही माझ्याकडे आहे

फार उशिरा लिहितो आहे, माफी असावी. रईसला जाऊन आज वर्ष झालं.

त्याची निळी वही मी नेली. चोरूनच नेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रईस आणि मिलिंद ही आमच्या अकोटची दोन पोरं. रईस ट्युशन घ्यायचा. मिलिंद वकिलांचा मुलगा, बँकेत नोकरीला. दर रविवारी दोघं रईसच्या घरामागच्या खोलीत कॉम्प्युटर चालवायची नवी रीत बनवायचे.

माउस नाही, कीबोर्ड नाही. साधा टेबल, वर कॅमेरा आणि प्रोजेक्टर. टेबलावर उजेडाचे कागद पडायचे. पत्र, फोटो, सातबारा. हाताने सरकवले की सरकायचे. कडेला लोटले की जायचे, ओढले की परत यायचे.

कोणी सांगितलं नव्हतं. निव्वळ हौस.

मी सातवीपर्यंत शिकलेला. आयुष्य जिनिंगमध्ये कापूस तपासण्यात गेलं. गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा आणि वर कोरडा, खाली ओला असं तर नाही ना, ते पाहायचं. वरवर दिसतं त्यावर माझा विश्वास बसत नाही. हे लिहिताना फोन पुढचा शब्द आपणच सुचवतो, तेही मला पटत नाही.

रईस एक दिवस घरी आला.

"काका, आमाले असा माणूस पायजे ज्याचा कोनावरच भरोसा नाही."

"मंग माह्याकडं कावून आला?"

"गावात दुसरा कोन हाये?"

असा मी जाऊ लागलो. मी टेबलावर हात फिरवायचो, रईस माझ्या हाताकडे पाहत निळ्या वहीत लिहायचा. काय लिहितो, ते सांगायचा नाही. मीही विचारलं नाही.

एकदा एक कागद कडेला लोटला तर टेबलावर अक्षरं उमटली. नक्की काढायचा का?

मी हात मागे घेतला. "हे मले कावून पुसते? माही काही चूक झाली का?"

रईसनं लाल पेन घेऊन वहीत काहीतरी केलं. पुढच्या खेपेला ती अक्षरं उमटली नाहीत.

लाल पेन मला शाळेपासून सहन होत नाही.

पुढे एका रविवारी दोघं कोपऱ्यात उभे राहून माझ्याकडे पाहत हसले. कशाला हसले, अजून माहीत नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी मी गेलो, पण तोंड उघडलं नाही. रईस चहा आणायला आत गेला. मिलिंद फोनवर बोलत बाहेर. मी वही उघडली. पानापानावर 'काका' आणि समोर लाल फुल्या. पानंच्या पानं.

मला वाटलं, म्हाताऱ्याच्या चुकांची यादी केली आहे, कोणाला तरी दाखवून हसणार. वही पिशवीत टाकली आणि चहाआधीच निघालो. घरी ट्रंकेत ठेवून दिली. आपल्याच चुका कोण वाचत बसतो?

रईसचे फोन आले. उचलले नाहीत. मग तो दारात आला.

"काका, काय झालं? सांगा तं खरं."

"तब्येत बरी नाही," मी आतूनच म्हणालो.

तो परत गेला. वहीचं नाव त्यानं काढलं नाही.

नंतर त्याला डेंग्यू झाला. अकोल्याला दवाखान्यात सहा दिवस होता. अकोटहून एसटीनं जाऊन परत येता आलं असतं. मी गेलो नाही. तिथं वही मागेल, अशी भीती.

तो तिथंच गेला. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला रईसच्या अम्मी सगळ्यांना विचारत होत्या. "भाई, वो नीली कापी किसी ने देखी क्या? मिलिंद को होना थी."

मी ताट घेऊन खाली पाहत बसलो. कारण त्या दिवशी मिलिंदसोबत पुण्याचा एक माणूस आला होता. बुटाला धूळ नाही, आणि टेबलाचे चारही बाजूंनी फोटो काढत होता. वाटलं, मिलिंद रईसचं काम दुसऱ्याच्या नावावर करतो. तो संशय आजही पूर्ण गेलेला नाही. खोटं कशाला बोलू?

मिलिंदची बदली अमरावतीला झाली. टेबल तो घेऊन गेला. मागच्या महिन्यात डोळे दाखवायला गेलो, तेव्हा त्याच्या घरी डोकावलो. "काका, चालवून पाहा," म्हणाला. मी कागद कडेला लोटला.

नक्की काढायचा का?

"अरे, हे तं रईसनं काढून टाकलं होतं ना?"

"काढलं होतं काका. पन त्याच्या लॅपटॉपचा पासवर्ड कोनाले माहीत नाही. मी आठवून आठवून नव्यानं करून राह्यलो. काय काढलं, कावून काढलं, सगळं त्या वहीत होतं. ती नाही सापडली, तं हे काही पुरं होत नाही."

मी चहा प्यालो आणि काही न सांगता बस धरली.

घरी येऊन वही वाचली. पहिल्यांदाच, नीट.

"काका 'नक्की?' वाचून घाबरले. त्यांची चूक नाही. हा सवालच नको." समोर लाल फुली.

"काकांचा हात थरथरतो, टेबल एकाचे दोन कागद ओढतो. टेबल सुधारायचा." लाल फुली.

फुली माझ्यावर नव्हती. टेबलातली जी जी चूक सुधारून झाली, तिच्यावर होती.

शेवटच्या पानावर, मी वही उचलली त्याच रविवारची, चहाला आत जाण्याआधी लिहिलेली एकच ओळ. "काका आज गप्प आहेत. आपलंच काहीतरी चुकलं. शोधायचं."

त्या ओळीसमोर फुली नाही.

रईस बेटा, तुझं काही चुकलं नव्हतं. दारात आला होतास तेव्हा सांगायला पाहिजे होतं. या म्हाताऱ्याचा तुला अखेरचा सलाम.

मिलिंद, फोनवर बोलायची हिंमत नाही म्हणून इथं, गावाच्या ग्रुपवर लिहिलं. येऊन वही घेऊन जा. तू स्वतः ये, त्या पुण्याच्या माणसाला पाठवू नको, त्याला देणार नाही. आणि जे बनेल त्यावर रईसचं नाव असेल, हे अम्मींसमोर सांग.

मी घरीच असतो. रागावला असशील तरी चालेल, पण कधी येतोस ते लवकर कळव.