तानाजी उपाशी नव्हता

मार्चमधल्या एका रविवारी तानाजी आमच्यासोबत वैराटगड चढला. दुपारी आम्ही त्याला चादरीत घालून खाली आणलं. दवाखान्यात पोचायच्या आधी तो गेला.

एवढं सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं मी चार वर्षं कुणाला सांगितलं नाही — बायकोला नाही, त्या दिवशी बरोबर असलेल्या दोघांनाही नाही. मी साताऱ्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. गप्प बसणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे, असं स्वतःला समजावत आलो. गप्प बसणं वेगळं आणि दडवणं वेगळं, हे कळत नव्हतं का? कळत होतं.

आम्ही चौघं. तानाजी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर सुपरवायझर. त्याचं गाव जत तालुक्यात. दिलीप आणि अशोक त्याच कारखान्यात. आणि मी — तानाजी वाचायला पुस्तकं मागायला आला, तशी ओळख झाली. मी मास्तर नाही, पण चष्म्यामुळे असेल, तो मला पहिल्या दिवसापासून ‘मास्तर’ म्हणायचा.

महिन्यातून एका रविवारी दोन मोटारसायकली काढायच्या, एखादा गड गाठायचा, वर तीन दगड मांडून खिचडी शिजवायची. मग छाती काढून फोटो. पन्नाशीला टेकलेले चार पुरुष. एकमेकांची सॅक आम्ही ओढली आहे, कड्यावर हात दिला आहे, एकाच घोंगडीवर झोपलो आहोत. पण ‘तुला बरं आहे ना?’ असं कुणी कुणाला विचारलेलं मला आठवत नाही. तुम्हाला आठवतं का, तुमच्या मित्रांमधलं?

आमचा एक नियम होता. चढताना जो पहिल्यांदा ‘थांबा’ म्हणेल, त्यानं खिचडीचं काळंकुट्ट भगुलं सॅकला बांधून घरी न्यायचं आणि घासून पुढच्या वेळी आणायचं. एवढंच. पण ते पाठीवर घेऊन गल्लीत शिरलं की कोपऱ्यावरचा पानवालाही हसायचा, “आज बी तुमीच व्हय, सर?” बहुतेक वेळा मीच असायचो. तानाजीच्या घरी ते एकदाही गेलं नव्हतं.

त्या दिवशी माथा अर्ध्या तासावर असताना तानाजी मागं पडला. तो कधी मागं पडत नसे. दिलीप आणि अशोक वरच्या वळणावर होते. तानाजीनं माझी बाही ओढली.

“मास्तर, छातीत कायतरी धरल्यागत झालंय. तू म्हण की रं, थांबा.”

“मी का? तू म्हण.”

“तुला काय नवं हाय, गड्या? आनि एकडाव ने भगुलं. माजं नाव नगं घिऊ.”

तो हसत होता. पण त्याचा शर्ट गळ्यापासून पोटापर्यंत भिजला होता, आणि ते मी पाहिलं. इथं मला स्वतःच्या बाजूचं एखादं वाक्य लिहावंसं वाटतं — की मला गांभीर्य कळलं नाही, की ऊन फार होतं. तसं नाही. ‘तुला काय नवं हाय’ हे मला झोंबलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यापेक्षा कुणीतरी आधी दमलं होतं, आणि ते मला वाया घालवायचं नव्हतं.

मी वर तोंड करून ओरडलो, “अरे, फौजी दमला! भगुलं आज हवालदारांच्या घरी!”

वरून दोघं खिदळले. दिलीपनं शिट्टी मारली. “काय वो हवालदार, आता खरं रिटायर झालासा!”

तानाजीनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मग तो माझ्या पुढून, त्या दोघांच्याही पुढून, न थांबता वर गेला. माथ्यावरच्या देवळाच्या पायरीवर बसला. पाणी मागितलं. अशोकनं बाटली हातात दिली, ती त्याच्या हातातून पडली.

तिथं थांबलो असतो तर तो वाचला असता का? मला माहीत नाही. त्यानं माझ्याकडं एक शब्द मागितला आणि मी तो दिला नाही, एवढं माहीत आहे.

पण मला जे कबूल करायचं आहे ते अजून आलेलं नाही. यापेक्षा वाईट मी दहाव्या दिवशी केलं.

दहाव्याला जतला गेलो. दिलीप आणि अशोक कारखान्याच्या पाळीमुळे आले नव्हते, आमच्यातला मी एकटाच. ओसरीवर भावकीतली तीसेक माणसं. त्या रविवारी पहाटे तानाजीचं आणि सुमनवहिनींचं भांडण झालं होतं — त्याच्या दर महिन्याच्या या जाण्यावरून — आणि वहिनींनी डबा दिला नव्हता. हे त्यांनीच रडत रडत सासूला सांगितलं होतं. तानाजीच्या आईनं सगळ्यांसमोर मला विचारलं, “माजं लेकरू उपाशी गड चढलं, म्हनून त्येला चक्कर आली. व्हय का न्हाई, मास्तर?”

वहिनी दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. माझ्याकडं बघत होत्या.

गडाच्या पायथ्याशी, एका हॉटेलात, तानाजीनं दोन प्लेट मिसळ खाल्ली होती. वर माझ्या बशीतली भजीही उचलली होती. हे सांगायला मला किती वेळ लागला असता? पण ‘उपाशी नव्हता’ म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता — मग काय झालं? काही बोलला का तो?

मी मान हलवली. हो.

त्या एका मानेनं सगळं ठरलं. वहिनी सातारा सोडून जतला सासूजवळ राहायला गेल्या. म्हातारीनं त्यांच्या हातची भाकरी कधी खाल्ली नाही, वेगळी चूल मांडली. आल्या-गेल्याला सांगायची, “हिनं उपाशी धाडला माज्या लेकाला.” वहिनी उलट बोलत नसत. त्यांनाही ते खरंच वाटत होतं. मी दर दिवाळीला जायचो. त्या ताट वाढायच्या आणि पोटभर जेवल्याशिवाय उठू द्यायच्या नाहीत. “आनि एक घ्या, भावजी. माज्या दारातनं कुनी उपाशी जाऊ नगा.” आणि मी — मी जेवायचो. चार दिवाळ्या जेवलो.

गेल्या पौषात म्हातारी गेली. दोन महिने अंथरुणावर होती, भाकरी थोरल्या लेकाच्या घरून यायची. वहिनींनी तिचं हगणं-मुतणं काढलं. पाणी ती त्यांच्या हातून घ्यायची, भाकरी नाही. शेवटपर्यंत नाही.

गेल्या रविवारी मी जतला गेलो. चहाच्या आधी बोलायचं, असं एसटीत ठरवलं होतं. वहिनी अंगणात ज्वारी पाखडत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं — आधी मिसळ, मग मान हलवणं, मग चढावरचं सगळं, त्याच्या आणि माझ्या शब्दांत.

सूप त्यांच्या हातात तसंच राहिलं.

“जेवलं व्हतं ते?”

“हो.”

“पोटभर?”

“हो.”

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “आत्याबाई हुत्या तवा का न्हाई सांगितलंसा?”

“भीत होतो,” मी म्हणालो. ते खरं आहे, पण ते उत्तर नाही.

“जावा आता.” भावजी म्हणाल्या नाहीत.

मान मी तीस माणसांत हलवली होती. म्हणून तिथून तानाजीच्या थोरल्या भावाकडं गेलो, त्याला भावकी जमवायला सांगितली आणि सगळं पुन्हा, पहिल्यापासून, सांगितलं. एक चुलता शिव्या देत अंगावर आला. भावानं त्याला धरलं आणि मला म्हणाला, “स्टँडवर सोडतो. परत हिकडं येऊ नगा.” दिलीप आणि अशोकला हे वाचून कळेल.

तानाजी नाही. त्याची आई नाही, आणि ती खोटं खरं मानून गेली. सुमनवहिनी जतला आहेत. आपण नवऱ्याला उपाशी धाडलं नाही, हे त्यांना आणि त्यांच्या भावकीला आता माहीत आहे. त्या घरी माझं जाणं बंद झालं आहे.