ओकिंडाची शून्य रजा

ओकिंडा आमच्या बेकरीचा भट्टीवाला. केनियातल्या किसुमू शहरात सकाळी ज्या पावासोबत लोक चहा पितात, तो त्याच्या हातचा. त्या पावांची गाडी मी चालवतो, म्हणून हे सांगायचा मला हक्क आहे, आणि चिडायचाही.

आमचे मालक ओगुटू साहेब रोज कामाआधी सगळ्यांना उभं करतात. आधी प्रार्थना, मग भाषण. "ही कंपनी नाही, कुटुंब आहे!" की टाळ्या. कोणी रजा रद्द केली की टाळ्या. त्या कमी पडल्या तर साहेबांचं तोंड उतरतं, म्हणून आम्ही त्यांचं वाक्य संपायच्या आतच वाजवतो. हातालाच सवय झालीय.

या कौतुकाला कंटाळून चांगले चांगले कारागीर समोरच्या बेकरीत गेले. तिथं टाळ्या नाहीत, पण रजा मिळते. आमचा पाव कधी कच्चा, कधी करपलेला. दुकानदार माझी गाडी लांबूनच परत पाठवू लागले. साहेबांना वाटलं, लोकांचं कुटुंबावरचं प्रेम आटलं. मग भाषण लांबलं, उरलेल्यांच्या रजा आणखी कापल्या गेल्या, आणि भट्टी सांभाळायला उरला एकटा ओकिंडा.

त्याला थोडेच दिवस हवे होते. गावी, सियायाला, स्वतःचं अंगण मांडायचं, म्हणजे वेगळं घर उभं करायचं होतं. बापाच्या अंगणातून बाहेर पडून स्वतःचं मांडल्याशिवाय आमच्यात पुरुषाला किंमत नाही. पहाटे त्याचा थोरला मुलगा कुऱ्हाड घेऊन चालतो, बायको विस्तव घेऊन, आणि जागा दाखवतो त्या पुरुषाचा बाप. बाप नसला तर काका. ओकिंडाचा बाप केव्हाच गेला. काका न्यांगवेसो तेवढे उरले होते, तेही खोकून खोकून काडी झालेले. थोरल्यानं मांडल्याशिवाय धाकट्याला मांडता येत नाही, म्हणून धाकटा भाऊ ओबुरा फोनवरून रोज शिव्या घालायचा.

"साहेब, काका फार थकलेत," ओकिंडा म्हणाला.

"अरे, ईस्टर तोंडावर आलाय. काका काय पळून चाललेत?"

साहेब स्वतः आमच्यासारखेच लुओ जमातीचे. त्यांचं अंगण कधीच मांडून झालंय, वर कौलं चढवून. सगळं ठाऊक असलेला माणूस असं बोलतो तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

"सरळ निघून जा की," मी ओकिंडाला म्हटलं.

"शहाणाच आहेस. मग माझ्या पोरांची फी तू भरणार का?"

मी तरी कुठं नोकरी सोडली होती?

ईस्टर झाला. मग शाळा उघडल्या, पावाची मागणी वाढली. मग पीठ मळायचं यंत्र बिघडलं. मग काका गेले.

मातीला जायला साहेबांनी बस केली. कंपनीचे पिवळे शर्ट घालून आम्ही सगळे गेलो. मयताचा नातलग जिथं कामाला असतो तिथला मालकही माईकवर दोन शब्द बोलतो, तशी पद्धतच आहे. साहेब दोनावर थांबणारे नव्हेत.

"सात वर्षांत या ओकिंडाच्या रजा किती? शून्य! काका अंथरुणाला खिळले, तरी हा भट्टीपुढून हलला नाही. याला म्हणतात कुटुंब!"

आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. शवपेटीसमोर, बसभर माणसांनी. सगळं गाव आमच्याकडं बघत राहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ओकिंडाची काकी उठली. तिला माईकची गरज पडली नाही.

"साहेब, माझा म्हातारा रोज पहाटे विचारायचा, पोरगा आला का गं? आता जागा दाखवायला घरात वडीलधारं कुणी राहिलं नाही." तिनं ओकिंडाकडं बघितलंसुद्धा नाही. "जाताना तुमचा माणूस घेऊन जा. इथं त्याला स्वतःचं दार नाही."

साहेबांनी घड्याळ बघितलं, आणि ओकिंडा बसमध्ये चढला.